पिवळा रंग आलाच नाही

बेबीताई निमकर जिना चढून वर आल्या तेव्हा झेंडूची टोपली त्यांच्या डोक्यावर तशीच होती. ती खाली ठेवायचं भानच त्यांना नव्हतं.

"त्या तपास करनाऱ्या बाई इथंच राह्यतात का?"

"राहत न्हाई, बसतात," डोमाजी इंगोले म्हणाला आणि उठून त्याने आधी टोपली उतरवून घेतली.

खरं म्हणजे सुभद्राबाई वानखडे बसतही नव्हत्या. मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. कूलर गरम हवा फेकत होता, खालच्या ट्यूशन क्लासमधली पोरं एका सुरात सूत्रं घोकत होती आणि बाई खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. हाती काम नसलं की त्यांना असं होई, आणि काम असलं की याहून जास्त होई. उमेदीची वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात घालवली होती. आता राजापेठेत स्वतःची पाटी लावून तोच उद्योग सुरू होता. डोमाजीने जन्मभर एसटी चालवली, निवृत्तीनंतर घरी करमेना म्हणून तो बाईंची जुनी गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात त्यांच्याशी वाद घालायचा. त्यात तो दर वेळी हरायचा, पण वाद घालणं काही सोडायचा नाही.

"माह्या पोरीले चोर म्हनून राहिले, बाई," बेबीताई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळलोक बाटली आनून नाई देल्ली तं पोलिसात देतो म्हनतात. आता माह्या पोरीनं आनावं कुठून? नेलीच नाई तिनं!"

"कोण म्हणतं?"

"खुशालराव गावंडे. ते लॅबवाले."

लॅबची पाटी या खिडकीतून दिसायची. राजापेठ चौकाच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. बेबीताईंची मुलगी मंजुषा तिथे तंत्रज्ञ होती. भातकुलीकडे फुलशेती करणाऱ्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. ती आईच्या मागोमाग आली होती, पण दाराबाहेरच थांबली होती. सोमवारी घरी परतल्यापासून तिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं; आज मंगळवारी ती पहिल्यांदाच निघाली होती.

"आत ये," सुभद्राबाई म्हणाल्या. "आणि रडायचं असेल तर आधी रडून घे. मग मला सगळं क्रमानं सांग."

"मी रडत न्हाई," मंजुषा म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "अकोल्याच्या रागिणी तायडे मॅडमनं एक अँटिबॉडी बनवली. रक्तातलं वाढीचं हार्मोन ओळखनारी. ज्या लेकराइची उंची खुंटते, त्याइच्या रक्तात ते हार्मोन हाय का न्हाई ते पाहाले. प्लेटमंदी बारीक बारीक खड्डे असतात. त्यात रक्ताचं पाणी टाकायचं, मंग ही अँटिबॉडी, मंग शेवटचं द्रावण. हार्मोन असलं तं पिवळा रंग येते. नसलं तं रंगच येत न्हाई."

"अँटिबॉडी मॅडमनं कुठून आणली?"

"बकरीपासून. बकरीले ते हार्मोन जरा जरा टोचलं, तिच्या अंगानं त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केली. ती बकरी मागच्या दिवाळीत मेली. तयार केलेला शेवटचा माल या बाटलीत होता."

डोमाजीने खुर्ची पुढे ओढली. बकरी आल्याबरोबर त्याला गोष्ट समजायला लागली होती.

"सोमवारी आमच्या लॅबमंदी प्रात्यक्षिक होतं," मंजुषा सांगत होती. "गावातले सारे लेकराइचे डॉक्टर आले होते. रक्ताचे नमुने लावले. कोनत्याच खड्ड्यात रंग न्हाई आला. एका खड्ड्यात हार्मोन हाय हे आपल्याले आधीच माहीत असते, तो आमी मुद्दाम ठेवतो. तोबी तसाच राह्यला."

"म्हणजे खोट रक्तात नव्हती. बाटलीत होती." बाईंच्या येरझाऱ्या थांबल्या. "तेव्हा कोण काय बोललं? शब्द आठव."

"रागिणी मॅडम म्हनाल्या, 'हिला कुठं ऊन लागलं का?' तेवढ्यात साहेब उभे झाले. 'ऊन बिन काही न्हाई, यात पाणी भरलंय, बाटली बदलली!' अन् साऱ्याइसमोर माह्याकडे बोट केलं. फ्रीजची चाबी हिच्यापाशी असते म्हने."

"फक्त तुझ्यापाशी?"

"दुसरी साहेबाच्या ड्रॉवरमंदी असते. पन ते फ्रीजले हात लावत न्हाई."

"बाटली तीच होती कशावरून?"

"मॅडमच्या हातचं लेबल होतं. बकरीचा नंबर, तारीख, अंधारात ठेवावे, फ्रीज करू नये, जोरात हलवू नये, असं सारं त्याइच्याच अक्षरात. शनिवारी त्या सोता घेऊन आल्या, मी कुलपात ठेवली. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी मी बाकीच्या बाटल्या काढल्या. ही मॅडमनं आधीच, साहेबाची चाबी घेऊन असन, ट्रेमंदी काढून ठेवली होती. मंग फोटो झाले, भाषनं झाली, अन् मंग टेस्ट."

"फोटो आहे?"

मंजुषाने मोबाइल पुढे केला. फोटोत मोठा बॅनर होता, बॅनरवर खुशालरावांचा त्याहून मोठा फोटो होता आणि बॅनरखाली प्रत्यक्ष खुशालराव हार घालून उभे होते. पुढ्यात टेबलावर बाटल्यांचा ट्रे. डोमाजीने चष्मा लावून सगळं नीट न्याहाळलं.

"अक्षर मातर चांगलं हाय मॅडमचं," तो म्हणाला. "या मधातल्या बाटलीवरचं सारं वाचता येते. बाकीच्या बाटल्याइले पाणी सुटलं, त्यायचं काही समजत न्हाई."

सुभद्राबाईंनी फोटो पुन्हा हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

---

खुशालराव गावंड्यांच्या केबिनमध्ये एसी होता, भिंतीवर चौकटीत रसायनशास्त्राची पदवी होती आणि खुर्चीमागे पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं. खुशालराव पाहुण्यांशी बोलताना पुस्तकी मराठी वापरत. ते बोलत असताना डोमाजीने कपाटाला टेकून पाठ मोकळी करायचा विचार केला आणि चटका बसल्यासारखा पुन्हा सरळ उभा राहिला. एसी चालू असूनही पत्रा तापलेला होता.

"मुलगी हुशार आहे, नाही म्हणत नाही," खुशालराव म्हणाले. "पण बेफिकीर. बाटलीवर चार ओळी लिहिलेल्या असतात, तेवढ्या वाचायचे कष्ट या मुली घेत नाहीत. मी वाचतो. विज्ञानाचा पदवीधर आहे मी. आणि आता तर सरळ चोरी! रागिणी मॅडमचं पाच वर्षांचं काम होतं ते. कोणा कंपनीला विकलं असणार."

"पोलिसात तक्रार दिली?"

"देणार. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली आहे. शेवटी गरीबाघरची पोर आहे."

"मोठं मन आहे तुमचं. ती बाटली पाहू शकते का?"

बाटली करंगळीएवढी होती, तळाशी थोडंसं पाण्यासारखं काही दिसत होतं. बाईंनी ती उजेडात धरली आणि अचानक जोरजोराने हलवली.

"अहो, हलवू नये लिहिलंय!" खुशालराव खुर्चीतून अर्धे उठले.

"पाणीच आहे म्हणता ना? मग पाण्याचं काय बिघडणार?"

बाटलीत वरपर्यंत पांढरा फेस आला. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि चहा, ऊन, संत्र्याच्या बागा अशा इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. चहा आला, चहा संपला. फेस बसला नव्हता. बाटली नीट धुतली नसेल, साबण राहिला असेल, असं डोमाजीला वाटलं. खुशालराव मात्र बाटलीकडे पाहतच नव्हते.

खाली रसवंतीवर कुंदन भेटला. तो एका कंपनीसाठी परदेशी तपासणी किट विकायचा आणि लॅबचं रंग मोजायचं यंत्रही तोच दुरुस्त करायचा. बकरीची अँटिबॉडी यशस्वी झाली असती तर त्याच्या किटला कोणी विचारलं नसतं. डोमाजीने त्याला बघताक्षणीच चोर ठरवून टाकलं.

"मी शनिवारी यंत्र पाहायले गेलो होतो, हे खरं," कुंदन उसाचा ग्लास खाली ठेवत म्हणाला. "पण फ्रीजले कुलूप होतं, मंजुषा समोर होती. अन् मॅडम, मले बिघडवाचीच असती तं मी बेसिनमंदी ओतून मोकळा झालो असतो. पाणी भरून बाटली परत कशाले ठेवू?"

"रविवारी कोणी आलं होतं लॅबमध्ये?"

"साहेब आले होते बॅनर लावाले. मी समोरच राहतो, मले दिसलं. सकाळीच विजेचा डीपी उडाला होता, सारं राजापेठ दिवसभर बिना लाइनचं होतं. बिचारे घामाघूम होऊन सोता शिडीवर चढले होते."

"मग फ्रीज बंद पडला असेल?"

"न्हाई. फ्रीज इन्व्हर्टरवर हाय, मीच जोडून दिला. तेवढा एक फ्रीज चालू होता."

जिना चढताना डोमाजी कुजबुजला, "बाई, हाच हाय. लय गोड बोलते."

"डोमाजीभाऊ, गोड बोलणाऱ्याला पकडायचं ठरवलं तर अमरावतीत कोणी मोकळा राहील का?"

---

बुधवारी सकाळी गाडी बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाकत अकोल्याला निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी नांगरलेली शेतं तापून पडली होती. सुभद्राबाईंनी काच वर केली, खाली केली, परत वर केली. पर्समधली सुपारी काढली, न खाताच परत ठेवली.

"काय खटकून राहिलं तुमाले?" डोमाजीने विचारलं.

"दोन गोष्टी. चोर चोरलेली बाटली परत जागेवर का ठेवेल? आणि ज्याची चोरी झाली तो माणूस त्याच दिवशी ठाण्यात का गेला नाही?"

"गरीबाची पोर म्हनून."

"सगळ्या डॉक्टरांसमोर तिच्याकडे बोट दाखवताना ती गरीबाची नव्हती का?"

डोमाजीने यावर गिअर बदलला.

रागिणी तायडेंची प्रयोगशाळा गावाबाहेरच्या एका छोट्या संस्थेत होती. त्या आत नव्हत्या. मागच्या रिकाम्या गोठ्याच्या सावलीत दगडावर बसल्या होत्या आणि समोर पाहत होत्या.

"लोक विचारतात, एका बकरीसाठी एवढं काय," त्या म्हणाल्या. "दुसरी बकरी आणता येते. पण प्रत्येक बकरी तेवढी चांगली अँटिबॉडी देईलच असं नसतं. हिच्याआधी सात बकऱ्या वाया गेल्या. आणि परत तिथवर पोचायला वर्षं लागतील."

"मंजुषावर तुमचा संशय आहे?"

"छे! पण खुशालराव इतके ठामपणे म्हणाले... मलाच काही सुचेना. ती पोरगी कामाची आहे. सोमवारी मी पोचले तर तिनं बाटली आधीच ट्रेमध्ये काढून ठेवली होती. चाचणीआधी सगळ्या बाटल्या खोलीच्या तापमानाला याव्या लागतात, तिला सांगावं लागत नाही."

बाईंनी डोमाजीकडे पाहिलं. डोमाजी गोठ्याची गव्हाण पाहत होता.

"ती बाटली नक्की कशी सांभाळायची असते?"

"साध्या फ्रीजमध्ये, मधल्या कप्प्यात. अँटिबॉडी म्हणजे शेवटी प्रथिन, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. त्यात हिला रंग आणणारं एन्झाइम जोडलेलं. डीपमध्ये ठेवून गोठली तर संपली, आणि उन्हाळ्यात बाहेर राहिली तरी संपली. डीपमध्ये कोणी घालू नये म्हणून तर मी लेबलवर लिहून ठेवते."

निघताना रागिणीबाईंनी पडताळ्यासाठी त्याच मालातली, तळाशी चार थेंब उरलेली दुसरी बाटली दिली. बर्फाच्या थर्मासमध्ये ती अमरावतीपर्यंत सुखरूप आली. ऑफिसात पोचल्यावर सुभद्राबाई फोनवर बोलत गॅलरीत गेल्या. "डोमाजीभाऊ, ती बाटली तेवढी नीट ठेवा," एवढं जाता जाता म्हणाल्या.

डोमाजी जबाबदार माणूस होता. त्याने थर्मास उघडला, बाटली पुसली, चष्मा लावून लेबल पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग कोपऱ्यातल्या फ्रीजसमोरून जाऊन त्याने ती भिंतीतल्या कोनाड्यात, उजेड लागणार नाही अशी, फडक्याआड ठेवली.

बाई परत आल्या. त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं आणि मग डोमाजीकडे.

"ही इथं कशी?"

"वाचलं अन् ठेवली," डोमाजी म्हणाला. "काहून? चुकलं का?"

सुभद्राबाई दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीवर नीट टेकून बसल्या. त्यांनी बाटली उचलून मुकाट्याने फ्रीजमध्ये ठेवली. रागावल्या नाहीत, याचीच डोमाजीला धास्ती वाटली.

"रागिणीबाईंना म्हणावं, संध्याकाळच्या आत अमरावतीत पोचा. आणि खुशालरावांना फोन लावा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, चोर घेऊन येतो."

---

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे लॅबमध्ये जमले होते. बॅनर अजून भिंतीवरच होता. खुशालराव आपल्या फोटोखालीच उभे होते. रागिणीबाई आणि कुंदन बाकावर बसले होते, मंजुषा भिंतीला लागून उभी होती आणि बेबीताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"कुठं आहे चोर?" खुशालरावांनी विचारलं.

"चोरी झालीच नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "त्या बाटलीत पाणी नाही. पाणी हलवलं तर बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. काल या बाटलीतला फेस आमचा चहा संपला तरी बसला नव्हता. अंड्यातलं पांढरं घुसळलं की असाच फेस येतो. आत प्रथिन आहे. म्हणजे आत बकरीची अँटिबॉडीच आहे. बाटली बदलली नाही, आतला मालही बदलला नाही. फक्त तो मेलाय."

"मंग मारला कोनं?" बेबीताईंनी विचारलं.

"रागिणीबाई पहिल्या क्षणी म्हणाल्या तेच झालं. गरमीनं." त्यांनी मंजुषाच्या मोबाइलवरचा फोटो सगळ्यांसमोर धरला. "हे पाहा. फ्रीजमधून नुकत्या काढलेल्या सगळ्या बाटल्यांना पाणी सुटलंय, शाई फुटलीय. मधल्या बाटलीवरचं अक्षर न् अक्षर कोरडं आहे. डोमाजीभाऊंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मी?" डोमाजी म्हणाला, पण लगेच सावरून मान हलवली.

"म्हणजे ती बाटली त्या सकाळी फ्रीजमधून आलीच नाही. बाहेरच होती. मग ट्रेमध्ये ठेवली कोणी? मंजुषा म्हणते, मॅडमनं. मॅडम म्हणतात, मंजुषानं. दोघींनी एकमेकींवर विश्वास टाकला, म्हणून एकमेकींना विचारलं नाही. दोघी खरं बोलताहेत. मग तिसरं कोणीतरी आहे, ज्याच्यापाशी चावी आहे. कुंदनपाशी नाही."

खाली चौकात गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"आता तिसऱ्या माणसाचा विचार करा. त्यानं बाटली फ्रीजमधून काढली, पण पळवली नाही. ओतून दिली नाही. सोमवारी वेळेवर परत आणून ठेवली. असं चोर करत नाही, वैरीही करत नाही. असं फक्त तो करतो, ज्याला बाटली वाचवायची असते."

"वाचवायची?" रागिणीबाई चक्रावल्या. "फ्रीजमधून काढून?"

"तुमचं लेबल वाचून. मॅडम, तुम्ही काय लिहिलं होतं?"

"फ्रीज करू नये." रागिणीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"तुमच्या मनात फ्रीज करणं म्हणजे गोठवणं. प्रयोगशाळेत सगळे तसंच बोलतात. पण राजापेठेत, भातकुलीत, सगळ्या वऱ्हाडात फ्रीज म्हणजे ते दार उघडायचं कपाट. गोठवायच्या कप्प्याला तुम्ही स्वतःसुद्धा डीप म्हणता. मग 'फ्रीज करू नये' म्हणजे काय? फ्रीजमध्ये ठेवू नये. आज दुपारी डोमाजीभाऊंनी तुमची दुसरी बाटली हे वाचून कोनाड्यात ठेवली. त्यांच्यासारखा काळजी घेणारा माणूस नाही. म्हणूनच ठेवली."

डोमाजीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"रविवारी इथं एकच माणूस आला होता. लाइन नव्हती, एकटा फ्रीज चालू होता. आणि त्याच माणसानं मला काल सांगितलं की बाटलीवरच्या चार ओळी मुली वाचत नाहीत, मी वाचतो." बाई खुशालरावांकडे वळल्या. "गावंडेसाहेब, तुम्ही ती तुमच्या लोखंडी कपाटात ठेवली ना? त्या पत्र्याला डोमाजीभाऊंची पाठ काल एसी चालू असताना पोळली. रविवारी तर एसीही बंद होता."

खुशालरावांनी तोंड उघडलं. पुस्तकी मराठी सापडेना, तसे ते खुर्चीवर बसले.

"मले पाणी पाहिजे होतं," ते म्हणाले. "बॅनर लावून लावून जीव चालला होता. म्हटलं, फ्रीजमंदी काहीतरी थंड असन. चाबी लावून उघडला तं समोर ही बाटली. फ्रीज करू नये, असं लिहिलेलं, अन् या पोरीनं फ्रीजमंदीच ठेवलेली! मी म्हटलं बरं झालं मी पाह्यलं. उद्या सारी इज्जत गेली असती. साऱ्यात सांभाळून ठेवाची जागा म्हंजे माहं कपाट. सोमवारी सकाळी मीच ट्रेमंदी नेऊन ठेवली."

"आणि सोमवारी कळलं."

"मॅडम ऊन लागलं का म्हनाल्या, तवा कळलं." खुशालरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "समोर सारे डॉक्टर. वरतं माहा फोटो. माह्या तोंडातून पाणी भरलं असं निघून गेलं. मंग ते परत कसं घेऊ?"

"मंग माही पोरगी घेतली," बेबीताई म्हणाल्या.

"शब्द माझाही चुकला," रागिणीबाई हळूच म्हणाल्या. "मी गोठवू नये एवढं लिहिलं असतं तर माझी अँटिबॉडी आज जिवंत असती."

"शब्द चुकला, तो कोणाचाही चुकेल," सुभद्राबाई म्हणाल्या. "बाटली कपाटात ठेवली तोपर्यंत ती चूक होती. मंजुषाकडे बोट दाखवलं तेव्हापासून तो गुन्हा झाला. पोलिसात जाण्याची घाई तुम्हालाच नव्हती, कारण चोरी झाली नाही हे ठाऊक असलेले इथं एकटे तुम्हीच होता."

खुशालराव उठले. हात जोडावे की खिशात घालावे हे त्यांना ठरवता येईना. "जाऊ द्या आता. पोरी, उद्यापासून ये तू कामावर. मी काही तक्रार करत न्हाई. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"चोर म्हनाले गावासमोर," बेबीताई कडाडल्या, "अन् माफी कानात का? भातकुलीलोक बातमी गेली, खुशालराव! माहा नवरा देवीदास दोन दिवसांपासून फुलं घेऊन बाजारात उभा राहत न्हाई!"

कोणी मध्ये पडलं नाही. सुभद्राबाईसुद्धा नाही. खुशालरावांनी शेवटी मोबाइल काढला. प्रात्यक्षिकाला आलेल्या सगळ्या डॉक्टरांचा ग्रुप त्यात होता. त्यांनी बोलायचं बटण दाबलं, घसा साफ केला, "सर्व मान्यवरांना नमस्कार" म्हणाले आणि पुसून टाकलं. परत दाबलं, परत पुसलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि घरी बोलतात तसं बोलून टाकलं.

"मी खुशाल गावंडे बोलतो. बाटलीचं जे झालं ते माह्याकून झालं. मले लेबल समजलं न्हाई. मंजुषा निमकरनं काहीच केलं न्हाई. मी खोटं बोललो."

संदेश गेला. एकेका डॉक्टरने तो ऐकल्याच्या खुणा पडद्यावर उमटू लागल्या. खुशालरावांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, आणि डोमाजीला त्या माणसाचा राग यायचा तो येईचना.

मंजुषाचं मनगट आईने सोडलं. ती पहिल्यांदा भिंतीपासून बाजूला झाली आणि खुशालरावांच्या समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, रविवारी तुमच्यापाशी माहा नंबर होता. एक फोन करून इचारलं का न्हाई?"

खुशालराव परत खुर्चीवर बसले.

"लाज वाटली," ते म्हणाले. "बी.एस्सी. झालेला मानूस, अन् तुले इचारू? तू हसली असती."

"मी उद्या येतो कामावर," मंजुषा म्हणाली. "पन पुढं काही समजलं न्हाई तं इचारत जा साहेब. मी हसनार न्हाई."

खुशालरावांनी मान हलवली.